मायची गोळी आणि माझं भाषण

आता काय सांगू तुम्हाला! भाषणाला उभं राहिलं की कुणी अडखळतं, कुणाला घाम फुटतो. मी एकदा अख्खी सभाच पालथी पाडली. हसू नका, खरंच!

आमच्या मायला लकवा मारला होता. हलकाच, पण जीभ जड झाली. दोन शब्द बोलायची आणि थांबायची. जीव तुटायचा ऐकताना. वसमतच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली आणि मला समजावलं, "सर, शरीरातलं एक हार्मोन रक्तवाहिन्या आवळतं, मीठ-पाणी धरून ठेवतं. ही गोळी त्याला आवरते. दाब उतरतो, मेंदू सांभाळला जातो."

एवढ्यातलं मी घरी काय आणलं? शेवटचे तीन शब्द!

तेवढ्यात आली बुद्धपौर्णिमा. गेल्या साली गावातल्या विहारात भाषण करताना मी 'आदरणीय'च्या पुढे सरकलोच नव्हतो. पोरं वर्षभर मला 'आदरणीय सर' म्हणत होती. यंदा तर सासरची मंडळी येणार! म्हटलं, मेंदूला आधार हवाच. सकाळीच मायच्या पाकिटातल्या दोन गोळ्या घेतल्या. एक यंदासाठी, एक गेल्या सालासाठी.

वर मे महिन्याचं ऊन, आणि धावपळीत पाणीसुद्धा प्यायलो नाही.

माझं नाव पुकारलं. झटक्यात उठलो, मूर्तीसमोर हात जोडले, आणि डोळ्यांपुढे काजवे! गुडघे टेकले, कपाळ सतरंजीला लागलं. शुद्ध होती हो, पण अंगात त्राण नव्हतं.

मागे लोकांना वाटलं, सर वंदन करताहेत. झालं! सगळी सभा खाली वाकली. मी उठेना, म्हणून कुणीच उठेना.

"सर काहून उठून न्हाई राहिले?" सासरे कुजबुजले.

"ध्यान लागलं असंल," मेहुणा म्हणाला.

"लागू द्या, पण माझी कंबर धरली ना!"

शेवटी बायको पुढे धावली. "अवो, ध्यान कशाचं! यांचे हातपाय गार पडून राहिलेत!"

मला उताणं केलं, पाय वर धरले, लिंबू-मिठाचं पाणी पाजलं. सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, सकाळी काय खाल्लं व्हतं?"

"मायच्या दोन गोळ्या... मेंदूच्या."

भिंतीला टेकून बसलेली माय खणखणीत आवाजात म्हणाली, "लेकरा, ती गोळी असलेला मेंदू राखती, नसलेला आणून न्हाई देत!"

सभा हसून लोळली. मला मात्र रडूच फुटलं. लकव्यानंतर मायचं एवढं लांब वाक्य न अडखळता पहिल्यांदाच ऐकलं होतं. गोळीनं तिचा मेंदू बराबर सांभाळला होता, आणि हळूहळू जीभही सुटली होती. भाषणही शेवटी तिचंच गाजलं.