बाबांच्या वाट्याचे चौकोन

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली सोडून आम्ही टॉवरमधल्या घरात आलो, त्याच्या थोडेच महिने आधी बाबा गेले. नव्या घराची किल्ली कधी मिळणार, हे विचारून त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आईने सामान लावायला साफ नकार दिला. आधी बाबांचा फोटो भिंतीवर लागायला हवा, तोही ओट्याशी उभं राहून दिसेल एवढा मोठा, मगच डबे खोक्यांतून बाहेर निघतील. तोवर आम्ही वडापाववर दिवस काढत होतो.

अडचण अशी की घरातले सगळे फोटो बाबांनीच काढलेले. त्यामुळे ते स्वतः कशातच नव्हते, फार तर कोपऱ्यात त्यांचा अंगठा. आधार कार्डावरचे बाबा पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते. लग्नातले बाबा इतके कोवळे, की आई म्हणाली, लोकांना वाटेल मुलगाच गेला. शेवटी वडाळ्याच्या एका हळदीतला फोटो सापडला, व्हॉट्सअ‍ॅपवर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरून पार झिजलेला. पुढे नातेवाइकांची झुंबड आणि मागे हातात आइस्क्रीमची वाटी घेऊन हसणारे बाबा, तुरीच्या डाळीएवढे.

दादा म्हणाला, "टेन्शन नको. माझ्या फोनला दोनशे मेगापिक्सेल आहेत."

त्याने माझ्या फोनवर तो फोटो उघडला, बाबांना बोटांनी ताणून स्क्रीनभर केलं आणि आपल्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला. चांगल्या कॅमेऱ्याने काढला की फोटो चांगलाच येणार, असा त्याचा हिशोब. मलाही तो पटला, हे कशाला लपवू. निकाल असा की बाबांचे चौकोन अत्यंत स्पष्ट आले. काचेवरचे माझ्या बोटांचे ठसे आले. दादाची हनुवटीही आली. बाबा मात्र होते तिथेच राहिले.

मग आम्ही लालबागच्या फोटो स्टुडिओत गेलो. मालकाने मूळ फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा करत करत बाबांच्या नाकापर्यंत पोचला आणि थांबला. नाक म्हणजे एक तपकिरी चौकोन होता.

"हे पिक्सेल. तुमच्या बाबांच्या वाट्याला एवढेच आलेत," तो म्हणाला. "मी मोठा केला की चौकोन मोठे होणार, वाढणार नाहीत."

म्हणजे पीठ वाटीभर आणि घावन परातीएवढं. दादा तरी हुज्जत घालतच होता. "थोडे टाका ना तुमच्याकडचे." मालक म्हणाला, "टाकतो की. एआयने करून देतो. एकदम एचडी."

दोन दिवसांनी आम्ही ती फ्रेम वाजतगाजत घरी आणली. त्यातल्या गृहस्थांना बत्तीस दात होते, दाट भुवया होत्या आणि गालावर साबणाच्या जाहिरातीतली चमक होती. शर्टाचा एकेक टाका मोजता आला असता. आईने कागद काढला, पाहिलं आणि परका पुरुष घरात आल्यासारखा पदर सावरला.

"ह्यो खंयचो साहेब हाडलंस?" तिने दादाला विचारलं. "ह्येच्यासमोर माका भाकऱ्यो थापूक जमाचा नाय."

दादाने समजावलं की हे बाबाच, फक्त क्लिअर केलेत. आई म्हणाली, "मग ह्येंचो पुढचो तुटको दात खंय गेलो?" साहेब भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि आम्ही परत लालबागला निघालो. या वेळी मी चिडून सांगितलं, "काही टाकू नका, काही काढू नका. आहेत तेवढ्याच चौकोनांचे बाबा छापा."

ती फ्रेम लागली तेव्हा मला रडूच कोसळलं. फ्रेममध्ये नुसती फरशी दिसत होती, तपकिरी, करडी, मध्ये एक पांढरा तुकडा. तो दात की आइस्क्रीम, यावर दादा आणि मी भांडलो. आईने ओट्यावरूनच हाक मारली.

"थंय काय करतंस? हयसून बग. हसतत मा?"

मी ओट्यापाशी गेले आणि वळून पाहिलं. बाबा हसत होते, तुटक्या दातासकट. मी त्यांच्याकडे चालत निघाले, तर टेबलापर्यंत पोचेतो ते विरघळले आणि पुन्हा चौकोन झाले. मागे सरकले, पुन्हा बाबा. जुन्या खोलीत इतकं मागे सरकायला जागाच नव्हती; तिथे उठता बसता त्यांच्या अंगावर आपटायचो आणि वैतागायचो. आता त्यांच्यावर आपटावंसं फार वाटतं.

आईने त्याच संध्याकाळी डबे लावले. रोजचा हार माझ्याकडे आहे. हार घालायला जवळ गेलं की बाबा नसतात. मी चौकोनांना हार घालते आणि ते दिसेपर्यंत उलट्या पावलांनी ओट्याकडे येते.