आधी मॅडमचा नंबर

"मोठ्यानं वाच नंबर," शेठ म्हणाला. भरल्या दुकानात.

किहीमच्या रस्त्यावरचं दुकान. सुट्टीला आलेले बंगलेवाले इथूनच सामान भरतात. माझा मसाला त्यांच्यापर्यंत पोचायला दुसरी वाट नव्हती. त्यासाठीच जीएसटी नंबर काढला होता. मसाल्याचा खोका पायाशी ठेवून मी एकेक अक्षर वाचलं. शेठनं ते मोबाईलवर, सरकारी साइटवर टाकलं. माझं नाव आलं, आडनाव आलं, खाली अ‍ॅक्टिव्ह.

तरी म्हणाला, "तुम्ही कोळणी कधीपासून हे काढायला लागलात?"

गिऱ्हाइकं हसली. हे पहिल्यांदा नव्हतं, दर खेपेला तेच. माझा नंबर काय मासळी हाय, रात्रीत नासायला?

तेवढ्यात बंगल्यातल्या मॅडम आल्या. मुंबईच्या. त्या पण मसालाच विकतात. काचेची बाटली, वर लुगडं नेसलेल्या कोळणीचं चित्र. कोळीण आमची, बाटली त्यांची. पहिल्यांदाच माल घेऊन आल्या होत्या. शेठनं उठून खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे फिरवला. बाटल्या लागल्यासुद्धा समोरच्या फळीवर. नंबर विचारलाच न्हाय.

खोटं कशाला बोलू, जळले मी. त्या खुर्चीवर जळले, पंख्याच्या वाऱ्यावर जळले. सगळ्यात जास्त जळले ते त्यांना कुणी काही विचारत नाही यावर.

त्यांचं बिल गल्ल्यावर उघडंच पडलेलं, वर नंबर. ती साइट कुणालाही उघडते. मी माझ्या मोबाईलवर नंबर टाकला. मनात एकच, आई एकवीरे, रद्द निघू दे.

आलं अ‍ॅक्टिव्ह. माझ्यासारखंच.

आधी तोंड पडलं माझं. मग डोक्यात लख्ख झालं. नंबर तिचा खरा, माझाही खरा. मग हा माणूस इतके दिवस तपासत काय होता? माझं आडनाव. माझं लुगडं. माझ्या अंगाचा वास.

मी म्हटलं, "शेठ, मॅडमचा पन तपासा. त्यांना पन मोठ्यानं वाचाया सांगा."

मॅडम मोबाईलमध्ये बघायला लागल्या. शेठ म्हणाला, "त्यांचा काय तपासायचा? त्या घरच्यासारख्या आहेत."

"मंग माझा माल न्हाय ठेवायचा."

खोका डोक्यावर घेतला नि बाहेर पडले. मागनं कुणी हाक मारली नाही. दिवाळीचा सगळा सीझन हातचा गेला. बोंबील विकून दिवस काढले.

मॅडमच्या बाटल्या अजून त्याच फळीवर आहेत. जाता-येता दिसतात नि पोटात आग पडते. पडू दे. नंबर तपासायला माझी ना न्हाय, धंद्यात तपासावाच लागतो. पण जिथं सगळ्यांचा तपासत न्हाईत, तिथं माझा मी वाचणार न्हाय. मसाला घरात पडून राहिला तरी न्हाय.