ओल्या अंगठ्याची पारख

विषमज्वर उतरला, तरी दादा उठून बसेना. ओहोटीला श्रीवर्धनच्या ओल्या वाळूत तासन्‌तास चेंडू टाकणारा माणूस भिंतीकडे तोंड करून नुसता पडून राहायचा. वैद्य म्हणाले, ताप गेलाय, पण त्याच्याबरोबर उमेदही गेलीय. एकदाच त्याने तोंड उघडलं, तेही गोऱ्यांच्या दांड्या उडवणाऱ्या एका गोलंदाजाच्या सहीचा फोटो मागायला. मुरुडच्या एका दुकानदाराचा भाचा मुंबईत जिमखान्यावर चहा द्यायचा आणि तिथून असे फोटो आणायचा, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं.

बाबा निघाले, त्यांच्याबरोबर मीही निघालो. शिडाच्या मचव्यात मला बसवेना. वारा पडलेला, आणि बाबा आपले निवांत सुपारी कातरतायत. मी कावलो, तर म्हणाले, "तुझ्या येरझाऱ्यांनी मचवा हलेल, पुढे जाणार नाही."

दुकानदाराने दोन फोटो पुढे केले. बाबांचा उभा जन्म सुपारीत गेलेला. जुनी म्हणून रंगवून विकलेली सुपारी ओल्या अंगठ्याने चोळायची, रंग सुटला की माल खोटा, ही त्यांची पारख. मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या सहीवर फिरवला. सही पसरली. दुसरीवर फिरवला, ती ढिम्म हलली नाही.

"ही अस्सल," बाबा म्हणाले.

"भाऊ, तो पहिला माल तुम्ही नासवलात," दुकानदार शांतपणे म्हणाला. "आता दोन्ही न्या."

बाबांनी पैसे टाकले, आणि घर येईपर्यंत त्याला शिव्या घातल्या. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शाई म्हटली की पाण्याने सुटायचीच! पण बाबांना सांगणार कोण?

न पुसलेली सही दादाने एकदा बघितली आणि फोटो खाली ठेवला. "छापलेली आहे," एवढंच म्हणाला. बाबांचा चेहरा पडला. वाटेत मला त्यांचा संताप आला होता, पण आता त्यांच्याकडे बघवेना.

मग दादाने पुसलेला फोटो उचलला. तिरका धरला, पुन्हा फिरवून धरला. उजेड पुरेना. तो कोपरावर रेलला, खिडकीकडे सरकला, आणि भिंतीला टेकून चक्क बसला.

"बाबा, हे बघा. शाई गेली, पण टाकाचा ओरखडा राहिलाय. अख्खं नाव वाचता येतंय."

बाबांनी फोटोकडे पाहिलंच नाही. दादावरची नजर न काढता त्यांनी आईला हाक मारली, "अगं, इकडे ये. बसलाय तो."