खडूसाहेबाची खुर्ची

खडूसाहेबाच्या शर्टाचा खिसा कायम निळा असायचा. शाईनं नव्हे, खडूनं. अक्कलकोट रोडला आमच्या कंपनीचा टॉवेल-चादरींचा कारखाना होता. कंपनी मुंबईची, कारखाना सोलापूरचा. मागावरून उतरलेलं कापड चेकिंग खात्यात यायचं आणि जिथं धागा तुटलाय, वीण विरळ पडलीय, तिथं निळ्या खडूनं फुली मारली जायची. या खात्याचा मुख्य खडूसाहेब. मुख्य झालेल्या माणसानं खडू खाली ठेवावा, सह्या कराव्यात, घंटी वाजवून चहा मागवावा. पण हा गडी खडू खिशात घालूनच हिंडायचा. धोब्यानं हात टेकले. कामगारांनी नाव पाडलं ‘खडूसाब’, आणि बघता बघता ते मोठ्या साहेबांच्याही तोंडी बसलं.

मला त्याचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला चाचपडत बसायला नको. आम्ही दोघं एकाच आठवड्यात कंपनीत लागलो, तो चेकिंगमध्ये आणि मी डिस्पॅचमध्ये. सहा वर्षांनी तो खात्याचा मुख्य झाला आणि मी जिथल्या तिथं. मुख्य झाल्याबरोबर त्याला केबिन मिळाली, दारावर नावाची पाटी मिळाली आणि फिरती खुर्ची मिळाली. सबंध कारखान्यात फिरत्या खुर्च्या दोनच, एक मोठ्या साहेबांची आणि एक याची. बरं, मिळाली तर बसावं की नाही? हा बसायचा कापडाच्या गठ्ठ्यांवर, कामगारांच्या मधोमध. खुर्चीवर त्याचा जेवणाचा डबा बसायचा. मी येता-जाता काचेतून त्या डब्याकडं बघायचो आणि माझ्या पोटात दुखायचं.

फुली मारून झाली की काम संपलं, असं बाकी सगळ्या जगाला वाटायचं. याला नाही. ‘‘फुली मारलीस, बरं झालं. पण का मारलीस, ते सांग की.’’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरात कानडी, बाहेर मराठी आणि खात्यातल्या निम्म्या लोकांची तेलुगू, त्यामुळं एका प्रश्नासाठी त्याच्याकडं तीन भाषा होत्या. का, याके, एंदुकु. समोरचा गप्प राहिला की खिशातला खडू बाहेर यायचा आणि सुरू. जमिनीवर, दारावर, लोखंडी कपाटावर, मिळेल तिथं हा चौकटी आखायचा. कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत, कुठल्या सुतात किती फुल्या पडतात, ते मांडून दाखवायचा. एकदा माझ्या रवाना व्हायच्या खोक्यावरच त्यानं असला संसार मांडला आणि ते खोकं तसंच मुंबईला गेलं. ही नवी छाप कुठली, अशी मुंबईहून विचारणा आली. मला वाटलं, सापडला लेकाचा. मी साळसूदपणे सगळं खरं कळवलं. त्यावर मुंबईच्या साहेबांनी उलट त्याचं कौतुक करणारा फोन केला. आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

त्याला नोकरी सोडायची बुद्धी झाली, त्या संध्याकाळी मी तिथंच होतो. एकाच तऱ्हेचा दोष पंधरा दिवस येत होता आणि तो का येतो, हे खडूसाहेब जमिनीवर बसून समजावत होता. पाळी सुटल्याचा भोंगा वाजला. एरवी भोंग्याआधीच सायकलींची कुलपं निघायची. त्या दिवशी एक माणूस उठला नाही. एक म्हातारा कामगार तर म्हणाला, ‘‘फुडं काय झालं सांगा की, घर कुटं पळतंय?’’ बाहेर आल्यावर खडूसाहेब सायकल हातात धरूनच चालत निघाला. मग म्हणाला, ‘‘माने, आज कुणी घड्याळ बघितलं नाही रे.’’ मी बघितलं होतं, पण ते काही मी बोललो नाही.

महिन्याभरात त्यानं राजीनामा दिला. कोल्हापूरला जाऊन संख्याशास्त्रात पीएचडी करणार आणि मग विद्यापीठात शिकवणार म्हणाला. कुणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या कंपनीनं फोडला असणार, असं समजून मोठ्या साहेबांनी पगार वाढवून देऊ केला. नाही म्हणाला. आणखी वाढवला. तरी नाही. साहेब मग हसायलाच लागले. त्यांनी जाहीर केलं की हे खूळ आहे, दोन वर्षांत उतरेल, तोवर याची जागा तशीच ठेवायची. ‘‘माने, तोपर्यंत तू बस तिथं,’’ असं मला म्हणाले. अशी मला ती खुर्ची मिळाली, राखण करायला. दारावरची त्याच्या नावाची पाटीसुद्धा काढायची नाही, अशी ताकीद होती.

खुर्ची मिळाली की जळफळाट शमेल असं मला वाटलं होतं. कसलं काय. मी खुर्चीत बसून गोल फिरायचो आणि प्रत्येक फेरीत दारावरची ती पाटी समोर यायची. कामगार डोकावायचे. ‘‘खडूसाब न्हाईत व्हय?’’ मी म्हणायचो, मी आहे ना, बोला. ‘‘ऱ्हाऊ द्या, ते आल्यावर बोलू.’’ ते येणार, याबद्दल कुणाला शंकाच नव्हती.

मग एके दिवशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याची पीएचडी बुडाली, तर हा परत येणार आणि मी पुन्हा डिस्पॅचची खोकी मोजणार. ही खुर्ची टिकवायची असेल, तर या माणसाला डॉक्टर केल्याशिवाय गत्यंतर नाही. ज्याचं नाव ऐकलं की मला ठसका लागायचा, त्याच्यासाठी मी सिद्धेश्वराला नारळ फोडला. त्याला कापडाच्या दोषांचे आकडे हवे असायचे, ते मी परवानगी काढून आठवड्याच्या आठवड्याला पाठवू लागलो. एसटीच्या कंडक्टरबरोबर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी जाऊ लागल्या. माझी बायको चकित. म्हणाली, सख्ख्या भावाला कधी चिवडा पाठवला नाहीत, आणि यांच्यावर एवढी माया कधीपासून? मी म्हटलं, मित्र आहे माझा. हे बोलताना माझी जीभ कशी अडखळली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दोन वर्षं संपत आली होती. दुष्काळाचे दिवस, नळाला पाणी नाही, ऊन असं की सकाळी आठलाच रस्ता ओस पडायचा. एका सुट्टीच्या दिवशी खडूसाहेब माझ्या दारात उभा. खंगला होता. चहा पुढं ठेवला तर हात लावला नाही. म्हणाला, ‘‘माने, मी परत येतोय. उद्या मोठ्या साहेबांना भेटतो.’’

त्याचा चहा मीच एका घोटात पिऊन टाकला. हळूहळू त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. मार्गदर्शकांनी प्रबंधाचं निम्मं काम पुन्हा करायला सांगितलं होतं. पण तेवढ्यानं तो खचला नव्हता. त्याला पहिल्यांदाच वर्गावर पाठवलं होतं आणि हा सवयीनं खिशातला निळा खडू घेऊन गेला होता. तासभर फळा भरभरून लिहिलं. मुलं शांत बसली होती. याला वाटलं, रंगली आहेत. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी जाता जाता म्हणाली, सर, मागं काहीच दिसत नव्हतं. काळ्या फळ्यावर निळा खडू, दिसणार कसं? ‘‘तासभर मी एकटाच बोलत होतो रे,’’ तो म्हणाला, ‘‘आणि मला वाटत होतं, मी शिकवतोय.’’

तो परत येणार म्हणून त्याच्या घरी आनंद होता. किराणा दुकान चालवणाऱ्या त्याच्या वडिलांनी, आप्पांनी तर पोरगं ताळ्यावर आलं म्हणून देवळात अभिषेक सांगितला होता. दोन वर्षं एकटीनं घर ओढलेली त्याची बायको पहिल्यांदा हसली होती. मोठ्या साहेबांचा निरोप आला होता की खुर्ची तुझीच आहे. सोलापुरात त्या दिवशी त्याच्या परत येण्याविरुद्ध एकटा मी होतो.

मी म्हटलं, ‘‘अरे, मग खडू बदल की. नोकरी कशाला बदलतोस?’’

आणि मग मी सुटलो. आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतकं बोललो. म्हटलं, भोंगा वाजला तरी माणसं उठली नव्हती, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुला शिकवता येतं. इथं परत आलास तर फुल्या मारत म्हातारा होशील आणि का मारल्या हे विचारायला तुझ्याकडं कुणी उरणार नाही. निम्मं काम पुन्हा करायचंय तर कर, कापडातला दोष पंधरा-पंधरा दिवस हुडकत बसायचास तेव्हा कुठं कंटाळलास? यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या मनात मात्र बोलताना सारखी ती खुर्ची गरगर फिरत होती. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याला विचार करायला सवड मिळू नये म्हणून मी त्याला तसाच उठवला आणि नवी पेठेत नेला. स्टेशनरीचं दुकान बंद होतं. वर राहणाऱ्या मालकाला हाका मारून उघडायला लावलं आणि पांढऱ्या खडूंची एक पेटी विकत घेऊन त्याच्या हातात कोंबली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या गाडीत मीच त्याला बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत तिथून हललो नाही, न जाणो उतरला तर!

आप्पा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. खडूसाहेब डॉक्टर झाला आणि सोलापुरातच विद्यापीठाच्या केंद्रात शिकवायला लागला. इकडं दारावरची पाटी बदलली आणि तिथं माझं नाव आलं. मला हवं ते सगळं मिळालं होतं. तरी एक दिवस राहवेना, म्हणून त्याच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसलो. मागून सगळं स्वच्छ दिसत होतं. शर्टाचा खिसा आता पांढरा झाला होता. ‘‘उत्तर आलं, बरं झालं. पण का आलं, ते सांगा की,’’ असं म्हणत तो पोरांमधून हिंडत होता. घंटा झाली, कुणी उठलं नाही. माझ्या खुर्चीच्या आसपास कुणी असं कधी थांबलं नव्हतं. जळून खाक होणं म्हणजे काय, ते मला त्या बाकावर कळलं.

बाहेर आल्यावर त्यानं सहज विचारलं, ‘‘काय माने, खुर्ची फिरते का अजून?’’ त्याच्या आवाजावरून मी समजलो. मी विचारलं, म्हणजे तुला ठाऊक होतं?

‘‘मी चेकिंगचा माणूस. दोष दिसणार नाही का मला? पण फुली मारली नाही,’’ तो म्हणाला. मग खिशावरचा खडू झटकत म्हणाला, ‘‘माझं भलं व्हावं म्हणणारी सगळी माणसं मला परत बोलवत होती. एकट्या तुझाच स्वार्थ माझ्या बाजूनं होता.’’

असलं वाक्य मला का सुचत नाही, या विचारानं घरी पोचेपर्यंत मी धुमसत होतो.

पुढं त्याला दुसऱ्या विद्यापीठात मोठी जागा मिळाली आणि त्यानं सोलापूर सोडलं. दिवाळीला त्याचं पत्र यायचं, मी उत्तर द्यायला उशीर करायचो. मी निवृत्त झालो, काही वर्षांनी कारखाना बंद पडला आणि सामान भंगारात गेलं, त्यात ती खुर्चीही गेली. मग एक दिवस तो गेल्याची बातमी आली. मला पहिलं काय वाटलं असेल, तर हा इथंही माझ्या आधी पोचला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नवी पेठेत दुकानदारानं मला ‘मानेसाहेब’ अशी हाक मारली आणि शेजारी उभा असलेला एक तिशीतला माणूस वळला. कुठल्याशा कॉलेजात शिकवत होता. अक्कलकोट रोडचे माने का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणताच भर रस्त्यात वाकून पाया पडला. म्हणाला, मी सरांचा विद्यार्थी. सर दर वर्षी पहिल्या तासाला तुमची गोष्ट सांगायचे. सगळे परत ये म्हणत होते, तेव्हा एकट्या माझ्या मित्रानं मला खडू बदलायला सांगितला, नाहीतर मी तुमच्यापुढं उभा नसतो, असं म्हणायचे.

मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘‘आणि खुर्चीचं काय सांगायचे?’’

‘‘कुठली खुर्ची?’’ तो म्हणाला.

इतक्या वर्षांत, इतक्या वर्गांपुढं, त्यानं ती फुली मारलीच नव्हती. मी त्या पोराला म्हटलं, काही नाही, असंच विचारलं. आणि घराकडं निघालो. वाटभर त्याच्यावर जळत होतो आणि रुमाल कुठल्या खिशात ठेवलाय, ते काही केल्या सापडत नव्हतं.