चार नंबरची टोपली

"मशिनीत काय नाय, सायेब. पोरीत हाय," कोंडिबा म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

मी तेव्हा ब्रेकडान्सच्या फळ्यांखाली आडवा पडून बेअरिंग बघत होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका गावात देवीची जत्रा होती आणि तिथे प्रथमच ब्रेकडान्स आला होता. ब्रेकडान्स म्हणजे जराशी कलती, भली मोठी गोल चकती. तिच्यावर लोखंडी टोपल्या, टोपलीत कडेने गोल बाक. चकती मोटरवर फिरते. टोपलीला मोटर नसते. ती मधल्या खुंट्यावर मोकळी असते, मनात आलं तर स्वतःभोवती गरगरते, नाही तर नुसती डुलते.

आदल्या दिवशी कोंडिबांची नवी सून सुगंधा आपल्या दोन नणंदांबरोबर चार नंबरच्या टोपलीत बसली. टोपली छान डुलली. मग सासू-सासरेही हौसेने त्याच टोपलीत तिघींबरोबर बसले, आणि टोपली अशी पिसाटली की सासूबाई उतरताच भोवळ येऊन पडल्या. त्यांच्यानंतर बसलेल्यांना काहीच झालं नाही. वाडीने एका दमात निकाल लावला, नव्या सुनेच्या अंगात काहीतरी आहे. जत्रा झाली की तिला माहेरी सोडायचं ठरलं. कायमचं. ती पलीकडे डोक्यावर पदर घेऊन उभी होती आणि कुणीच तिच्याशी बोलत नव्हतं. मला फार राग आला, पण रागाने बेअरिंग तपासता येत नाही.

मशीन तपासायला माणूस पाठवा म्हणून सरपंचांनी आमच्या महाडच्या एमआयडीसीतल्या कंपनीत फोन केला होता. प्लांट मॅनेजर मला म्हणाले, "फिरणाऱ्या मशिनी तूच बघतोस ना? जा. पण कंपनीचं लेटरहेड वापरू नकोस."

बेअरिंग उत्तम निघालं. ग्रीस ताजं, खुंटा सरळ. एरवी मी खूश झालो असतो. त्या दिवशी मला दोष हवा होता. बेअरिंगमधली एखादी गोळी फुटलेली मिळाली असती तर ती सगळ्यांना दाखवून पोरीला सोडवता आलं असतं.

शेवटी मी विचारलं, टोपलीत कोण कुठे बसलं होतं? धाकट्या नणंदेने सांगितलं. सुनेने सासऱ्याच्या शेजारी बसायचं नाही, धक्का लागायला नको. म्हणून अर्ध्या बाकावर कोंडिबा एकटे, अंगाने काटकुळे. समोरच्या अर्ध्यावर सासू, सून आणि दोन्ही नणंदा, एकमेकींना चिकटून. आधीच्या खेपेला मात्र तिघी मुली ऐसपैस, तीन बाजूंना बसल्या होत्या.

माझ्या डोक्यात सेंट्रिफ्यूज आला. कंपनीत ओला माल जाळीच्या पिंपात घालून गरगर फिरवतात आणि पाणी काढतात, ते यंत्र. माल एका बाजूला साचला की अख्खा मजला थरथरतो. इथे माल म्हणजे माणसं. वजन सारखं असेल तर कलत्या चकतीला टोपली ओढायला काही सापडत नाही. एका बाजूला असेल तर ती बाजू सतत उताराकडे धाव घेते.

शाळेच्या बांधकामावरून वाळूच्या गोण्या आणवल्या. सगळ्या एका बाजूला रचल्या. चकती सुरू झाली आणि टोपली भिंगरीसारखी सुटली.

"आता गोणीच्या अंगात आलं काय, कोंडिबा?" सरपंचांनी विचारलं.

कोंडिबा म्हणाले, "परत करा."

त्याच गोण्या, टोपली त्याच जागी, तोंड त्याच दिशेला. या वेळी ती नुसती डुलली. तिसऱ्यांदा लावली तर ती उलट्या दिशेने गरगरली. मी थक्क होऊन बघत राहिलो. आमच्या धंद्यात मशीन आज जशी फिरली तशीच उद्या फिरावी म्हणून जन्म घालवतात. इथे एक निर्दोष मशीन माझ्या डोळ्यांदेखत दर खेपेला वेगळं वागत होती. कारण समजत होतं. जड बाजू चढावर पोचून थबकते, तेव्हा पुढे जायचं की मागे फिरायचं हे केसाएवढ्या फरकावर ठरतं, आणि एकदा ठरलं की पुढचं सगळंच बदलतं. तो केसाएवढा फरक मोजणारं माप मात्र माझ्याकडे नव्हतं. कुणाकडेच नसावं. देवळात गेल्यावर होतं तसं काहीतरी मला तिथे, त्या कर्कश भोंग्यांखाली झालं.

हे सगळं मी कोंडिबांना जमेल तसं सांगितलं.

"म्हंजे ती कधी फिरंल ते तुमाला पण ठावं नाय?"

"नाही. सगळीकडे सारखं बसलं तर बहुतेक फार फिरणार नाही, एवढंच सांगतो."

कोंडिबा उठून टोपलीपाशी गेले. मग म्हणाले, "सायबाला ठावं नाय कधी फिरंल. मंग ह्या पोरीनं ती फिरवली कशी?"

उत्तराची वाट न बघता ते टोपलीत चढले. बायकोला समोर बसवलं, मुलींना दोन्हीकडे, आणि आपल्या शेजारची जागा हाताने झाडली. "ये गो सुगंधा. बस हितं."

बायकांत कुजबुज झाली. सुगंधाने सासूकडे पाहिलं. सासूने मान डोलावली. ती अंग चोरून बसली.

मी 'बहुतेक' म्हणालो होतो. टोपली डुलली, थबकली, आणि एक पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा डुलायला लागली. त्या गिरकीत कोंडिबांनी एका हाताने दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने सुनेचं मनगट. ती मोठ्याने हसत होती. उतरल्यावर तिने पदर सारखा केला आणि सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या मधोमध, वाडीच्या वाटेला लागली.

मॅनेजरनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "फॉल्ट कशात होता?"

"लोडिंगमध्ये, सर. सासरा आणि सून शेजारी बसवले, फॉल्ट गेला."

तेव्हापासून मी कुठलीही मशीन उघडायच्या आधी विचारतो, ती भरली कशी होती. निम्म्या वेळा उघडावं लागत नाही.