दुखतंय का, हा प्रश्न

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी दातांच्या कॉलेजात पुढचं शिक्षण घेत होते. महिन्यातून एकदा आम्ही पौडला जायचो आणि तिथल्या एका खोलीत मुलांना तपासायचो. मुळशीतल्या मुलांचे पुढे आलेले दात तारेनं आत घ्यायचे आणि दोन प्रकारच्या तारांपैकी कोणती बरी ते बघायचं, असा आमचा अभ्यास होता. कुणाला कुठली तार लावायची ते चिठ्ठी काढून ठरायचं. सर फक्त दात किती सरकले ते मोजायला सांगत. तेव्हा तेवढंच मोजत. दुखलं का, हे मी आपली स्वतःहून विचारायची.

माझी पहिलीच पेशंट बाजारपेठेतल्या मुसलमान दुकानदाराची मुलगी होती. असेल बारा-तेरा वर्षांची. मी तार आवळायची आणि पुढच्या खेपेला विचारायची, "दुखलं का गं?"

"न्हाई बाई. काईच न्हाई."

मी खूश! ही तार दुखत नाही, असं सरांनाही सांगून बसले.

एकदा तिची अम्मी सोबत आली. मी कौतुकानं म्हटलं, "लेक धीराची आहे हो तुमची. हिला दुखतच नाही."

अम्मी म्हणाली, "कोन म्हनलं? तार आवळली की भाकर चावत न्हाई तिला. दुधात कुस्करून देती मी. रडती बी."

मुलीनं मान खाली घातली. मी तिच्याजवळ बसले. "मग मला का नाही सांगितलंस?"

ती ओढणीचं टोक पिळायला लागली. मग हळूच म्हणाली, "पयल्या दिशी तुमचा हात लई कापत व्हता. म्या म्हनलं, दुखतंय म्हनलं तर तुमी अजून घाबरशाल."

मी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी तार अगदी हलकीच आवळली.

पुढे मी कुठल्याच मुलाला 'दुखलं का' विचारलं नाही. "मागल्या खेपेला तार आवळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय जेवलास?" असं विचारायची. मग मुलं भडाभडा बोलायची. भात, पेज, कालवणात भिजवलेली भाकरी. सर आधी हसले, मग म्हणाले, "हेही लिहून ठेवत जा." हल्ली तर पेशंटला काय वाटलं, हे अशा बहुतेक अभ्यासांत विचारतात. तसं काही वाचलं की मला पौडची ती खोली आठवते.

तिची तार निघाली त्या दिवशी मी तिच्या हातात आरसा दिला. ती हसली, पण सवयीनं तोंडावर हात घेऊन. अम्मीनं तो हात हलकेच खाली घेतला आणि आपल्या हातात धरून ठेवला.