बाईंना तंबोरा ऐकू येत नव्हता

गेल्या रविवारी सकाळी घरी इस्त्री करता करता हेडफोन लावून आमच्याच गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं... आणि इस्त्रीचं बटण बंद करून पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

सुमनबाई आमच्या गाण्याच्या बाई. तुळजापुरात आम्हा कितीतरी जणींना त्यांनी सूर लावायला शिकवलं. पाय मोडून अंथरुणाला खिळल्यावर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना त्यांनी आपला तंबोरा माझ्याकडं दिला. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघी मोबाईलवरून लाइव्ह गायचो... फक्त त्यांच्यासाठी.

पहिल्याच गुरुवारी गाणं संपल्यावर बाईंनी विचारलं, "तंबोरा का लावला न्हाय गं?"

"लावलाय की बाई, माझ्याच मांडीवर आहे."

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी जरा चिडूनच म्हणाले, "बाई, तुम्ही एकदा कान दाखवून घ्या."

मुलानं दाखवले. वयोमानानं ऐकू येणं थोडं कमी झालंय, असं डॉक्टर म्हणाले, कानाचं मशीन दिलं. त्यानंतर बाईंनी तंबोऱ्याचं नावच काढलं नाही. आमच्या चुका काढणंही सोडलं... नुसतं "छान झालं" म्हणायच्या.

आणि रविवारी मी पहिल्यांदाच त्या लाइव्ह गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. आमचे आवाज होते, तबला होता... तंबोरा नव्हताच.

दुपारभर खटपट केली तेव्हा कळलं. गोंगाट गाळणारी सेटिंग चालू होती. एकसारखा चालणारा तंबोऱ्याचा सूर म्हणजे पंख्याची घरघर समजून फोन तो गाळून टाकत होता. सेटिंग बंद केली, तंबोऱ्याजवळ वेगळा माईक ठेवला, पुन्हा रेकॉर्ड करून पाहिलं... चारही तारा लख्ख.

लगेच पुण्याला फोन लावला. "बाई, चूक आमची होती. तुमचे कान बरोबर होते."

बाई हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, सूरच सोडून गेला मला..."

मला रडू आवरेना. तर म्हणाल्या, "रडू नको. गुरुवारी नीट लाव. पंचमाची तार लई उतरवतीस तू."

किती महिन्यांनी त्यांनी माझी चूक काढली होती!

मंगळवारी पहाटे बाई गेल्या.

परवा गुरुवारी आम्ही तरीही लाइव्ह गायलो. मुलानं त्यांच्या खोलीत फोन लावून ठेवला होता. पंचमाची तार मी दोनदा जुळवली. गाणं झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "ताई, आज तंबोरा ऐकू आला."

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस 'नीट ऐकू येत नाही' म्हणालं, तर आधी आपला फोन तपासा... मी मात्र आधी बाईंचेच कान तपासायला लावले होते.